ताप रोग्याला की तापमापकाला?

पेट्रोलचे एंजिन आणि विजेची मोटर या दोहोंच्या बळावर धावणाऱ्या वाहनास हायब्रिड मोटार म्हणतात. टोयोटा कंपनीने १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आणलेली 'प्रियस' ही मोठ्या संख्येने तयार झालेली अशी पहिली मोटार होय. २००३ साली आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत २८ लहान बॅटऱ्यांची माळ असते. प्रत्येकीचा दाब ७.२ व्होल्ट, म्हणजे सर्वांचा मिळून २०१.६ व्होल्ट.

या माळेची प्रकृती मोटारीतील संगणकास प्रत्यक्ष दिसत नाही. त्याला सेन्सरांच्या सांगण्यावरच विसंबावे लागते. बॅटऱ्यांच्या १४ जोड्यांचा दाब स्वतंत्रपणे मोजला जातो. एक सेन्सर विद्युत्प्रवाह मोजतो. तीन सेन्सर बॅटरीचे तापमान कळवितात. यांपैकी एकाचीही वार्ता चुकली, तरी चालकापुढे धोक्याचा दिवा लागतो आणि बॅटरी संपली असा समज होतो. मग निर्दोष बॅटरी काढून नवी बसविण्याचा भारी भुर्दंड मालकाच्या माथी येतो. म्हणून रोग्याला औषध देण्यापूर्वी तापमापक तपासणे इष्ट.

ही परीक्षा तर्काची आहे. तपासणी-यंत्र जोडले, की संगणकाने नोंदलेला दोषांक व चालू मापे वाचता येतात. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीत सकाळी तिन्ही तापमाने जवळजवळ सारखी असावयास हवीत. एकच माप फटकून असेल, तर संशय त्या सेन्सरवर. तापमान वाढले की या सेन्सरचा विद्युत्‌रोध घटतो. त्यामुळे त्याची तार तुटली, तर बॅटरी गोठल्यासारखी भासते; तारा एकमेकींस भिडल्या, तर ती अतोनात तापल्यासारखी भासते. प्रवाहाचा सेन्सर १८७९ साली एडविन हॉल यांनी शोधलेल्या चुंबकीय परिणामावर चालतो. बॅटरीचा मार्ग खंडित असताना त्याने शून्य दाखविले पाहिजे; तसे न दाखविल्यास त्याची साक्ष भरवशाची नव्हे.

दाबाचा प्रश्न अधिक नाजूक. खरोखर अशक्त झालेली जोडी भार पडताच शेजारणींपेक्षा अधिक खचते आणि भरताना अधिक चढते. परंतु दमटपणाने जोडपट्ट्यांवर व मापनतारांच्या टोकांवर गंज चढला, तरी मापे अशीच बिघडतात. अशा वेळी दाब थेट बॅटरीच्या अग्रांवर मोजावा. तेथे तो योग्य आणि संगणकाकडे मात्र चुकीचा दिसला, तर दोष वाटेतील तारेत वा सांध्यात आहे.

ही शेवटची तपासणी मात्र शिक्षित तंत्रज्ञानेच, विद्युत्‌रोधक हातमोजे घालून करावी. नारिंगी सुरक्षा-खुंटी काढल्यावरही बॅटरीच्या पेटीत प्राणघातक दाब शिल्लक राहतो. सेन्सर खोटे सांगू शकतो. वीज कधीच चेष्टा करीत नाही.