माशाच्या रक्तातलं मीठ कोण सांभाळतं?

तिसगाव हे पाथर्डी तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं गाव. अशा भागात शेततळ्यातला थेंबन् थेंब मोलाचा. त्यातच रोहू, कटला, मृगळ वाढवले तर चार पैसे जास्तीचे मिळतात. पण बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडल्यावर दोन-तीन दिवसांत काही मासे मरून वर येतात. अशा वेळी रोगाचा संशय घेण्याआधी माशाच्या रक्ताचा विचार करावा.

रोहूच्या रक्तात लिटरमागे साधारण 8 ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यात बहुधा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून पाणी सारखं आत शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. आत आलेलं जादा पाणी मूत्रपिंडं भरपूर, पातळ लघवीतून बाहेर टाकतात. गमावलेले क्षार काही खाद्यातून मिळतात. उरलेले कल्ल्यांतल्या खास पेशी ऊर्जा खर्चून पाण्यातून ओढून घेतात.

या जमाखर्चावर संप्रेरकांचा ताबा असतो. मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन स्रवतं आणि क्षारांची गळती रोखतं. 1959 साली ग्रेस पिकफर्ड आणि फिलिप्स यांनी किलीफिश या माशावरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. पियुषिका काढलेला मासा समुद्राच्या पाण्यात जगे, गोड्या पाण्यात मात्र मरे; प्रोलॅक्टिन टोचलं की तिथंही तगून राही.

कॅल्शियमचा हिशेब वेगळा. माशाला आपल्यासारख्या परावटू ग्रंथी नसतात. मूत्रपिंडाजवळ पांढरट मण्यांसारख्या बारीक ग्रंथी असतात. 1839 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ स्टॅनियस यांनी त्यांचं वर्णन केलं. रक्तात कॅल्शियम वाढलं की या ग्रंथी स्टॅनिओकॅल्सिन सोडतात आणि कल्ल्यांतून होणारी कॅल्शियमची आवक मंदावते.

तिसरं संप्रेरक कॉर्टिसॉल. ते कल्ल्यांतल्या क्षार ओढणाऱ्या पेशी वाढवतं, म्हणजे माशाच्या हिताचंच. पण जाळ्यात ओढलेला, हाताळलेला, पिशवीत कोंबलेला मासा घाबरतो तेव्हा ॲड्रेनॅलिन उसळतं. कल्ल्यांतला रक्तप्रवाह वाढतो, पाणी जास्त आत येतं, क्षार भराभर निसटतात. खवले खरवडले, अंगावरची बुळबुळीत चिकटी पुसली गेली, तर गळती आणखी वाढते. ताण लांबला तर कॉर्टिसॉलही चढं राहतं आणि रोगप्रतिकारशक्ती घटते. म्हणून मासा त्याच दिवशी न मरता नंतर मरतो.

उपाय याच समजुतीतून निघतात. बोटुकलीच्या वाहतुकीच्या पाण्यात लिटरला 2-3 ग्रॅम साधं मीठ घातलं, तर आतल्या-बाहेरच्या क्षारांमधली तफावत कमी होते आणि कल्ल्यांवरचा भार हलका होतो. बोटुकली सकाळी गारव्यात आणावी. पिशवी न उघडता 15-20 मिनिटं तळ्यात तरंगत ठेवावी, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेऊन मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत. हात शक्यतो लावूच नये. लावावाच लागला तर ओला करून. बोटुकली विकत घेताना मोजलेले पैसे वाचवायचे असतील, तर पहिले काही तास माशाला रक्त सावरायला द्यावेत.