यंत्राने कधी गप्प बसावे?

विद्यापीठातल्या अध्यापकाचे काम तासिकेबरोबर संपत नाही. हजेरी, अंतर्गत गुणांचे तक्ते, स्वाध्यायांच्या मुदती, त्याच त्या शंकांना तीच ती उत्तरे, वरिष्ठ कार्यालयाला अहवाल. ही कामे यंत्राकडे सोपवावीत, ही अपेक्षा रास्तच आहे. पण ‘ठरावीक’ काम म्हणजे सोपे काम नव्हे. या संदर्भात दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले अमेरिकेतले. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये प्रा. अशोक गोयल ऑनलाइन पदव्युत्तर वर्गाला कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवत. सुमारे ३०० विद्यार्थी एका सत्रात चर्चामंचावर जवळपास १०,००० संदेश टाकत. त्यांतले बरेचसे प्रश्न दरवर्षी तेच असत. आयबीएमच्या ‘वॉटसन’ प्रणालीवर ‘जिल वॉटसन’ ही यंत्र-सहायक घडवण्यात आली आणि जुन्या सत्रांतले सुमारे ४०,००० संदेश तिला पुरवण्यात आले. जानेवारी २०१६मध्ये काम सुरू झाले, तेव्हा तिची उत्तरे फसत. म्हणून ती आधी वेगळी ठेवली जात आणि माणसे त्यांतली योग्य तेवढीच पुढे पाठवत. मार्चअखेरीस तिला थेट उत्तर देण्याची मुभा मिळाली, तीही ९७ टक्के खात्री असेल तरच. एरवी तिने गप्प बसायचे आणि प्रश्न माणसाकडे जायचा.

दुसरे उदाहरण आपल्या दारातले. २०१७च्या उन्हाळी परीक्षांना मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. गुण अध्यापकच देणार होते. उत्तरपत्रिका स्कॅन करणे, वाटणे आणि बेरीज करणे एवढेच यंत्रणेकडे होते. नेमके तेच कोलमडले. ४५ दिवसांत निकाल लावण्याचे कायद्याचे बंधन मोडले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली. पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेले विद्यार्थी ताटकळले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

फरक यंत्राच्या हुशारीचा नव्हता. अटलांटात चुकायला सुरक्षित जागा होती आणि अडलेला प्रश्न माणसाकडे परतण्याची वाट होती. मुंबईत मात्र सगळा डोलारा एकाच हंगामात नव्या खांबांवर उभा राहिला. परीक्षा विभागातला मुरलेला कारकून सुटलेली पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेला जोडतो, पुसट बैठक क्रमांक ताडून पाहतो, शंका आली तर केंद्राला फोन करतो. ही डागडुजी कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नसते. म्हणून काम यंत्राकडे देताना तीच नेमकी विसरली जाते.

तेव्हा नवी प्रणाली दारात आली की अध्यापकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. ती आधी एखाद्या छोट्या विभागात चालवून पाहिली आहे का? अडली तर काम कोणाच्या टेबलावर येणार? आणि वाचलेला वेळ विद्यार्थ्याच्या वाट्याला येणार, की नवे रकाने भरण्यात जाणार? तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर कारकुनी कमी झालेली नसते. ती फक्त कागदावरून पडद्यावर गेलेली असते.