कर्करोगाची पेशी ओळखायची कशी?

कर्करोगाचा विषय निघाला की सभेत एक प्रश्न हमखास येतो. गोवराचे, सर्दीचे विषाणू शरीर आपले आपण ओळखते आणि मारते; मग हा एवढा मोठा शत्रू त्याला ओळखू का येत नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की हा शत्रू बाहेरून आलेला नसतो. ती आपलीच पेशी असते, शिस्त सोडून वाढत सुटलेली. घरच्या माणसाला परका म्हणून ओळखावयाचे, ही खरी अडचण आहे, आणि गेली काही दशके शास्त्रज्ञ तिच्याशीच झगडत आहेत.

आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले, त्यामुळे उपमा गिरणीचीच सुचते. गेटवरचा पहारेकरी बाहेर पडणाऱ्याची झडती घेतो. खात्याच्या आत काय शिजते आहे ते त्याला दिसत नाही. शरीराची व्यवस्था याहून पक्की आहे. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून त्यांचे नमुने बाहेरच्या अंगावर मांडून ठेवते. तुकडा म्हणजे बहुधा नऊ अमिनो आम्लांची माळ, नऊ मणी म्हणा. तो ज्या तबकात ठेवलेला असतो त्याला एचएलए म्हणतात. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी फिरत फिरत ही तबके चाचपून पाहतात. चाचपण्यासाठी त्यांच्या अंगावर जे दुपदरी प्रथिन असते, तो टी-पेशीचा ग्राही. तो नुसते मणी ओळखत नाही, मणी आणि तबक मिळून ओळखतो. हे १९७४ साली पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी दाखविले, आणि १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या टी-पेशी घडतात कशा ते पाहू, कारण पुढचे सारे यावर अवलंबून आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तेथे कोवळ्या टी-पेशींची परीक्षा होते. जी पेशी स्वतःच्या शरीराचे नमुने पाहून फार जोराने चवताळते, ती तेथेच नष्ट केली जाते. ही चाळणी नसती तर आपल्याच टी-पेशींनी आपल्याला खाऊन टाकले असते. पण या चाळणीचीच किंमत कर्करोगात मोजावी लागते. कर्कपेशीचे नमुने पुष्कळसे घरचेच असल्यामुळे त्यांना घट्ट पकडणारे ग्राही आधीच बाद झालेले असतात. उरतात ते बहुतेक ढिल्या पकडीचे.

ब्रुसेल्सच्या तिएरी बून यांच्या प्रयोगशाळेने १९९१ साली यातून एक वाट दाखविली. मेज नावाच्या कुळातील प्रथिन त्यांना सापडले. या कुळातील कित्येक प्रथिने अर्बुदात तयार होतात, परंतु निरोगी शरीरात वृषणाखेरीज फारशी कोठे आढळत नाहीत. म्हणजे ओळखीची खूण मिळाली. पुढे अमेरिकेत बेथेस्डा येथे स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगावर निराळ्या खुणेचा उपयोग केला. एका रुग्णाच्या चांगल्या टी-पेशीतून ग्राहीची जनुके काढली, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर घालून ती इतर रुग्णांच्या टी-पेशींत सोडली, पेशी वाढविल्या आणि ज्याच्या त्याला परत दिल्या. २००६ साली त्यांनी १७ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोघांची अर्बुदे ओसरली होती. दोन म्हणजे थोडे, पण ही गोष्ट होऊ शकते एवढे सिद्ध झाले.

मग ओघानेच विचार आला, की पकड ढिली आहे तर ग्राहीचेच काही मणी बदलून ती घट्ट का करू नये? तसे केलेही. मेज-ए३ च्या तुकड्यावर असा धार लावलेला ग्राही तयार झाला. अमेरिकेत तो दोन रुग्णांना दिला, आणि दोघेही थोड्याच दिवसांत हृदय बंद पडून दगावले. हृदयात मेज-ए३ तर नव्हतेच! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासात उलगडा झाला. हृदयाच्या स्नायूत टायटिन नावाचे प्रचंड प्रथिन असते. त्याचा एक तुकडा आणि मेजचा तुकडा यांच्या नऊ मण्यांपैकी पाच मणी जागच्या जागी सारखे होते, आणि ग्राही नेमक्या त्याच पाचांवर हात ठेवीत होता. आधीच्या चाचण्यांत हृदयाच्या पेशीही तपासल्या होत्या, पण प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्या पेशी टायटिन बनवीतच नव्हत्या. मूलपेशींपासून बनविलेल्या, खरोखर धडधडणाऱ्या पेशी समोर ठेवल्या तेव्हा चूक उघडी पडली.

आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान हेच. बाहेर बदललेला ग्राही थायमसची परीक्षा देत नाही, तो सरळ कामावर रुजू होतो. तेव्हा ती परीक्षा माणसाने घेतली पाहिजे. आता नऊपैकी एकेक मणी बदलून ग्राही कोणत्या मण्यांवर अडतो ते काढतात, आणि तशी माळ माणसाच्या इतर प्रथिनांत कोठे आहे काय, ते धुंडाळतात.

एवढ्या खटाटोपानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने या जातीच्या पहिल्या औषधाला परवाना दिला. नाव टेसेल्रा, खूण मेज-ए४, रोग सायनोव्हियल सार्कोमा, म्हणजे बहुधा सांध्यांजवळ होणारा एक विरळ कर्करोग. ४४ रुग्णांपैकी १९ जणांची अर्बुदे लक्षणीय आकसली. त्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीत हा गुण सहा महिने किंवा अधिक टिकला. किंमत ७ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे सहा कोटी रुपयांच्या घरात. यावर भाष्य नको.

आपल्याकडचे नेक्सकार-१९ हे मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवाना मिळाला, आणि तीस-चाळीस लाखांत ते होते. पण ते भावंड निराळे: पेशीच्या पृष्ठभागावरचीच खूण ते ओळखते, रक्ताच्या काही कर्करोगांवर चालते, आणि तबकाची त्याला गरज नाही.

ग्राहीच्या उपचाराला तबक लागतेच, आणि तबके माणसागणिक निरनिराळी. टेसेल्राच्या परवान्यात एचएलए अ-०२ चे चार पोटप्रकार आहेत: ०२:०१, ०२:०२, ०२:०३ आणि ०२:०६. भारतात बराच आढळणारा ०२:११ त्यांत नाही. तेव्हा उद्या किंमत उतरली तरी आपल्या कित्येक रुग्णांच्या पदरी नकारच येईल. त्यांच्या तबकांना जुळणारे ग्राही शोधावयाचे तर सुरुवात रक्ताच्या एचएलए तपासणीने करावी लागते. ती तपासणी मूत्रपिंडाच्या रोपणापूर्वी आपल्या रुग्णालयांत नित्य होतच असते.