जांभळ्या पट्ट्याची किंमत

रोममध्ये अंगरख्यावर रुंद जांभळा पट्टा मिरवायचा मान सिनेटर घराण्यांचा. सिनेटर व्हायला किमान १० लाख सेस्टर्सची (हे रोमन नाणं) मालमत्ता लागे. पहिल्या शतकात बहुतेक काळ साध्या शिपायाचा वर्षाचा पगार होता ९०० सेस्टर्स. त्याने दमडीही खर्च न करता सगळा पगार साठवला असता तरी तिथवर पोचायला १,१११ वर्षं लागली असती. अरुंद पट्टा त्याखालच्या वर्गाचा. त्यासाठी ४ लाख, म्हणजे ४४४ वर्षांचा पगार.

सिनेटर होते साधारण ६०० आणि साम्राज्याची लोकसंख्या अंदाजे ६ कोटी. लाखात एक! २०११च्या जनगणनेत आपल्या रायगड जिल्ह्यातले कर्जत आणि खालापूर तालुके मिळून चार लाखांवर माणसं होती. त्या हिशेबाने खोपोली, नेरळ, माथेरान आणि डोंगरातल्या सगळ्या वाड्या धरून रुंद पट्ट्याचे मानकरी निघतील चार.

रंगाचं गणित याहून चक्रावणारं. हा जांभळा समुद्री गोगलगायींपासून काढत. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायी वापरल्या, तेव्हा हाती आला १.४ ग्रॅम रंग. इ.स. ३०१मध्ये सम्राट डायोक्लेशियनने मालाचे कमाल भाव ठरवून दिले. जांभळ्या रेशमाचा भाव रोमन पौंडाला, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅमला, १,५०,००० दिनारियस. शेतमजुराची मजुरी जेवणासह रोज २५. पौंडभर रेशमासाठी ६,००० दिवस राबायचं. आणि गुलाम? रोमन लेखक केटोने शेतीवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की गुलामाला एक अंगरखा आणि एक घोंगडी वर्षाआड द्यावी, आणि नवं देताना जुनं परत घ्यावं, त्याच्या गोधड्या होतात. हे वाचताना मला त्या १,१११ वर्षांपेक्षाही जास्त धक्का बसला.

रोमशी चालणाऱ्या व्यापारात आपला कर्जत-खालापूरचा मुलूख थेट वाटेवर होता. घाटमाथ्यावरचा माल बोरघाट आणि राजमाचीच्या वाटांनी कोकणात उतरे, आणि उल्हास नदी कर्जतवरून कल्याणच्या बंदराकडे जाते. राजमाचीच्या पायथ्याची, इसवी सनापूर्वीची कोंडाणे लेणी याच वाटेवरची. दर्शनी भागावर नाचणारी जोडपी कोरली आहेत. पुरुषांची भरगच्च पागोटी पाहिली की इथेही माणसाचा मान वस्त्रावर तोलला जाई हे कळतं. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केलं, असा लेखही तिथे आहे.

पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात मराठवाड्यातल्या तेरहून निघणाऱ्या जाड्याभरड्या आणि तलम कापडाची नोंद आहे. ते गाड्यांतून भडोचला जाई. कल्याणला येणारी ग्रीक जहाजं त्या काळी पहाऱ्यात भडोचला नेली जात. रोमन लेखक प्लिनी लिहितो, भारत दरवर्षी साम्राज्यातून किमान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हे चांदीच्या दिनारियस नाण्यांत मोजलं तर ४० टनांवर भरतं. दहा टनी चार ट्रक भरून पाचव्यातही माल उरेल. त्यात कापडाबरोबर मिरी आणि मोतीही आले. आकडा फुगवलेला असेल, पण अगदीच हवेतला नाही: केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदरातून गेलेल्या एका जहाजातल्या मालाची किंमत दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवरून ७० लाख सेस्टर्सच्या घरात जाते. अशी सात जहाजं आली की झाले ५ कोटी.

रोममध्ये मान विकत घेता यायचा, निदान कागदोपत्री. आपल्याकडे तेही नव्हतं. याच जिल्ह्यात, महाडला, डिसेंबर १९२७च्या सत्याग्रह परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं की गुडघ्यापर्यंतचं आखूड लुगडं आणि अंगावरचे जाडजूड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. आंबेडकरांचे सवर्ण सहकारी टिपणीस आणि चित्रे यांच्या घरांतल्या बायकांनी त्यांना घोट्यापर्यंत लुगडं नेसायला शिकवलं. लुगडं तेच, लांबी तीच, खर्च शून्य. नेसणं फक्त घोट्यापर्यंत खाली आलं. एवढ्याशा बदलालाही शतकानुशतकं बंदी होती. दुसऱ्या दिवशी बायका तशाच नेसून बाहेर पडल्या.