पावसाचे पाणी, ओढे आणि कारखान्यांची गावे



पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण ही नावे काढली की डोळ्यांपुढे कारखाने उभे राहतात. हा सारा मुलूख मुळात नद्यांच्या कुशीतला आहे, याचा आपल्याला जरा विसरच पडतो. पवना मावळातून उतरते आणि रावेत, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी करीत दापोडीपाशी मुळेला मिळते. उत्तरेला इंद्रायणी. ती लोणावळ्याकडून निघते आणि देहू, मोशी, आळंदी मागे टाकून तुळापूरला भीमेत जाते. त्याही पलीकडे, चाकणच्या वरच्या अंगाला, भामा नदी. या नद्यांच्या मधली जमीन उताराची. वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा भोवताली शेती आणि माळरान होते. १९७० साली तिथे नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या बाजूला महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, भांबोली या गावांच्या जमिनींवर मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या.

या जमिनीवर पडणारा पाऊस मात्र पूर्वीइतकाच पडतो आहे असे धरून चालू. मग जो ओढा आजोबांच्या वेळी पावसाळ्यात गुडघाभर वाहत असे, तो आता पुलावरून का जातो? गावातली माणसे म्हणतात, “पाऊस वाढला.” कधी वाढलेला असतोही. पण बहुतेक वेळा वाढलेली असते ती पाण्याची घाई. ही घाई मोजता येते, आणि ती मोजण्याची रीत फारशी अवघड नाही. शाळेतल्या सातवीच्या मुलाला जमेल इतकी ती सोपी आहे.

धरणातून इतके क्युसेक पाणी सोडले, असे आपण बातम्यांत ऐकतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. दोन मोठे हंडे म्हणा. आता एक गंमत पाहा. एक एकर जमिनीवर तासाला एक इंच या वेगाने पाऊस पडत असला आणि सगळे पाणी वाहून गेले, तर ते अगदी एक क्युसेक भरते. एकर, इंच आणि क्युसेक यांचे असे जमून गेले आहे. तेव्हा एखाद्या ओढ्याचा पाणलोट अडीचशे एकरांचा असेल आणि तासाला दोन इंच पाऊस कोसळत असेल, तर पाचशे क्युसेक पाणी झाले.

पण सगळे पाणी वाहत नाही. काही मातीत मुरते, काही बांधाआड थांबते, काही गवतात अडते. नांगरट आणि गवत असलेल्या शेतातून समजा शंभरातले तीस भाग वाहिले, तर ओढ्याला दीडशे क्युसेक आले. त्याच अडीचशे एकरांवर पत्र्याची छपरे, सिमेंटचे रस्ते आणि फरशीची आवारे झाली की शंभरातले ऐंशी भाग वाहतात. म्हणजे चारशे क्युसेक झाले. सेकंदाला दहा हजार लिटरच्या एका टँकरपेक्षाही जास्त! आणि हिशेब इथे संपत नाही, बरं का.

पाणलोटाच्या टोकावर पडलेला थेंब ओढ्याच्या मुखापर्यंत पोहोचायला काही वेळ लागतो. शेतातून, बांधाबांधांवरून येणाऱ्या पाण्याला समजा तास लागत होता. आता ते छपरावरून नळीत, नळीतून गटारात आणि गटारातून ओढ्यात असे वीस मिनिटांत येते. पावसाचा स्वभाव असा की तासभर तो एकाच जोराने पडत नाही. मधली पंधरा-वीस मिनिटे त्याचा जोर भलताच असतो. पूर्वी तो जोर तासाभरात विरून जाई, आता तो जसाच्या तसा ओढ्यात उतरतो. म्हणून इंजिनियर अशा ठिकाणी तासाचा दोन इंच दर धरीत नाहीत, त्या वीस मिनिटांचा दर धरतात. तो तीन इंच असला तर अडीचशे एकरांतून सहाशे क्युसेक येतील. दीडशेचे सहाशे झाले, आणि आभाळातून एक थेंबही जास्त पडलेला नाही. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. खऱ्या कामात ते त्या त्या जागेची माती, उतार आणि पावसाच्या नोंदी पाहून ठरवतात.

या सहाशे क्युसेकना वाट किती मोठी हवी, हे पुढचे गणित. इथे एक चूक सर्रास होते आणि ती कागदावर दिसतही नाही. गावच्या रस्त्याखाली चार फुटी पाइपाची मोरी असते. रस्ता रुंद करताना तेवढा पाइप हाताशी नाही म्हणून दोन फुटी दोन पाइप टाकून देतात. दोन आणि दोन चार, हिशेब बरोबर! प्रत्यक्षात त्याच उताराला दोन फुटी पाइप चार फुटीच्या सहाव्या हिश्शाएवढेच पाणी नेतो. एक तर त्याचे तोंड चौपट लहान, शिवाय लहान पाइपात पाणी भिंतींना जास्त घासते आणि मंदावते. म्हणजे दोन पाइप मिळून एक तृतीयांशच पाणी जाईल. उरलेले रस्त्यावरून नाही तर शेजारच्या शेतातून वाट काढील. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या की विचारूच नका.

आता प्रश्न येतो तो कोणत्या पावसाला पुरेल असे बांधायचे हा. सगळ्यांत मोठ्या पावसाला पुरेल असे गटार कुणी बांधीत नाही. तेवढा पैसाही नसतो आणि जागाही. रस्त्याकडेची गटारे साधारणपणे दोन ते पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाच्या हिशेबाने आखतात. मुंबईची जुनी गटारव्यवस्था तासाला पंचवीस मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या गटारांचे काय झाले असेल ते सांगायला नको. अशा वेळी पाणी वाहून न्यायचे काम ओढे, नाले आणि मोकळ्या जागाच करतात. गटार रोजच्या पावसाचे, ओढा मोठ्या पावसाचा. हे ज्याला कळले त्याला ओढा बुजवून त्यावर प्लॉट पाडण्यातला धोका निराळा समजावून सांगावा लागत नाही.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला असाच लोंढा आला. शहर आणि आसपासच्या भागांत मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. यात धरण फुटले नव्हते; १९६१ च्या पानशेतची गोष्ट वेगळी. हा तर एरवी कोरडा, लोकांच्या घरामागून जाणारा ओढा. चाकणच्या माळावरून भामेकडे किंवा इंद्रायणीकडे उतरणारे ओढे याच जातीचे आहेत. आठ महिने त्यांत बकऱ्या चरतात, म्हणून ते रिकामे वाटतात.

“पंचवीस वर्षांतून एकदा” हा शब्दप्रयोगही फसवा आहे. मोठा पूर परवाच येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निर्धास्त, असे बोलणारे पुष्कळ भेटतात. शिक्षकांनी वर्गात हा खेळ करून पाहावा. एका मडक्यात पंचवीस चिठ्ठ्या टाका, त्यांतली एक लाल. दर वर्षी एक चिठ्ठी काढायची, पाहायची आणि परत मडक्यात टाकायची. लाल निघाली की त्या वर्षी पूर. ती लागोपाठ दोन वर्षेही निघेल. तीस वर्षे खेळ चालला तर निदान एकदा लाल चिठ्ठी येण्याचा संभव शंभरात सत्तर आहे. घरासाठी घेतलेले कर्ज फिटायला वीस वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा अंगावर येतो.

आपल्या राज्यात नदीकाठच्या नकाशावर दोन रेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचेल ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधू नये असा नियम आहे. चिखलीला इंद्रायणीकाठी निळ्या रेषेच्या आत बंगले उभे राहिले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले, २०२४ मध्ये निकाल लागला, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने छत्तीस बंगले पाडले. त्या कुटुंबांनी पैसे मोजून जागा घेतल्या होत्या. नदीकाठी गुंठा-दोन गुंठे घेण्याआधी महापालिकेत किंवा पाटबंधारे खात्याकडे जाऊन रेषेचा नकाशा पाहणे, एवढेच आपल्या हाती आहे. विकणारा तो आपण होऊन दाखवील, या भरवशावर राहू नये.

या रेषा काढतात कशा? पूर्वी नदीची लहानशी प्रतिकृती करीत. १९१६ साली स्थापन झालेले आणि आता खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र हे काम करीत आले आहे. नदीचे पात्र मापात लहान करून सिमेंटमध्ये घडवायचे, त्यात हिशेबाने पाणी सोडायचे आणि कुठे किती चढते ते मोजायचे. आता बरेचसे काम संगणकावर होते. महापालिका किंवा औद्योगिक वसाहत हे काम सल्लागार इंजिनियरांना देते. त्यांची माणसे नदीचे आडवे छेद मोजतात, पात्रात झाडोरा किती, पुलाचे खांब किती, हे टिपतात, वरून येणारे पाणी घालतात आणि पातळी काढतात.

एक गोष्ट त्यात नेहमी पाहावी लागते, ती म्हणजे खालच्या नदीची पातळी. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तर लोणावळ्यात चार हजारांच्या वर. चाकणला ऊन पडलेले असताना इंद्रायणी दुथडी असू शकते. पवनेवर धरण, मुळेवर मुळशीचे धरण. दोन्हींतून एकाच वेळी पाणी सुटले की जुनी सांगवी आणि दापोडी यांच्यामधल्या संगमावर पाणी तुंबते. अशा वेळी नाल्याचे तोंड नदीच्या पाण्याखाली जाते. मग नाला कितीही रुंद असो, त्यातले पाणी उतरत नाही. उलट नदीच नाल्यातून वस्तीत चढते. म्हणून काही ठिकाणी नाल्याच्या तोंडाला झडप बसवतात. झडप नदीला अडवते खरी, मात्र ती मिटलेली असताना आतला पाऊस साठवायला जागा लागते, आणि ती आधी राखून ठेवलेली नसली तर मग मिळत नाही.

चाकणच्या शेडवाल्यांना हीच गोष्ट करता येण्याजोगी आहे. अडीच एकरांच्या छपरावर दोन इंच पाऊस पडला की पाच लाख लिटर पाणी, म्हणजे पन्नास टँकर. हे पाणी आवारातल्या तळ्यात धरले आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू सोडले, तर खालच्या शेतकऱ्याच्या बांधाला धक्का लागणार नाही. उन्हाळ्यात हेच कारखाने टँकर विकत घेतात, ते वेगळेच! जमिनीत जिरवा असे सांगणे सोपे आहे. खाली पाषाण असला तर पाणी लवकर जिरत नाही, तिथे तळेच उपयोगी. सांडपाणी मात्र या वाटेत येता कामा नये. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना वारकऱ्यांनी अलीकडे वारंवार पाहिला आहे.

आता आपल्या गावाचा वाटा. संगणकाच्या उत्तराचा ताळा करायला दोन गोष्टी लागतात: पावसाची नोंद आणि पुराची खूण. पावसाची नोंद शाळेत होऊ शकते. सरळ उभ्या कडांचा कोणताही डबा चालतो. तोंड लहान असो वा मोठे, पाण्याची उंची तीच भरते. तो मोकळ्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजावे. हवामान खात्याची वेळही तीच. आणि ज्या दिवशी पाऊस कोसळतो त्या दिवशी, जमेल तितका वेळ, दर पंधरा मिनिटांनी आकडा टिपावा. दिवसभराचे शंभर मिलिमीटर आणि एका तासातले शंभर मिलिमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकूण बेरजेत तो दिसत नाही.

पुराची खूण त्याहून सोपी. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात पवनेचे पाणी शिरले की किती पायऱ्या बुडाल्या याची चर्चा गावभर होते. ती चर्चा कुणी लिहून ठेवली तर तो दाखला होतो. पाणी ओसरले की भिंतीवर, खांबावर, बाभळीच्या बुंध्यावर गाळाची रेघ राहते. पुढच्या पावसाने ती धुऊन जाण्याआधी तिथे रंगाने आडवी रेघ मारावी, तारीख लिहावी, पाणी सर्वांत वर कितीच्या सुमाराला होते तेही लिहावे, आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद करावी. जुना ओढा कुठून जात होता हे ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन गावनकाशावर तो एकदा दाखवून घ्यावा. मोजणीची माणसे गावात बहुधा उन्हाळ्यात येतात, कारण तेव्हा काम करायला सोयीचे असते, आणि त्यांना ओढा दिसतो तो कोरडा.