वर्गखोल्यांत थाटलेले संसार

लंडनमधल्या हॅकनी, लॅम्बेथ, बॅटरसी अशा जुन्या कामगार वस्त्यांत बैठ्या-दुमजली घरांच्या रांगांच्या वर डोकं काढून उभी असलेली विटांची तिमजली इमारत हमखास भेटते. तिच्या दारांवर दगडात कोरलेलं असतं: एकावर मुलगे, दुसऱ्यावर मुली, तिसऱ्यावर शिशुवर्ग. यांतल्या बऱ्याच इमारतींत आजही शाळा भरते. पण अनेकींत आता फ्लॅट आहेत, आणि जाहिरातीत उंच छत, भरपूर उजेड आणि ‘मूळ वैशिष्ट्यं’ यांचं कौतुक असतं. हा उजेड आणि ही उंची बिल्डरने दिलेली नाही. ती गरिबांच्या मुलांसाठी सार्वजनिक पैशांतून बांधली गेली होती. म्हणून अशा रूपांतराचा हिशेब फ्लॅट किती देखणे झाले एवढ्यावर मिटवता येत नाही.

1870 च्या शिक्षण कायद्यानंतर लंडनसाठी लोकनियुक्त शाळा मंडळ आलं. पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट अँडरसन आणि एमिली डेव्हिस या दोन स्त्रिया निवडून आल्या. संसदेसाठी मत देण्याचा हक्क स्त्रियांना मिळायला तेव्हा अजून जवळजवळ अर्धशतक होतं. 1904 मध्ये मंडळ विसर्जित होईपर्यंत त्याने चारशेहून अधिक शाळा उभ्या केल्या. मंडळाचे वास्तुविशारद ई. आर. रॉबसन यांनी चर्चच्या शाळांची गॉथिक धाटणी टाळून विटांची, मोठ्या पांढऱ्या खिडक्यांची ‘क्वीन ॲन’ शैली घेतली. ही शाळा कोणत्या एका पंथाची नाही, हे रस्त्यावरूनच कळावं, असा त्या निवडीचा अर्थ होता. उजेडाबद्दल तर रॉबसन फार काटेकोर. तो मुलाच्या डाव्या बाजूने यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडणार नाही. आणि काच खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान पाचव्या हिश्श्याइतकी असावी. 1893 च्या एका कथेत शेरलॉक होम्स रेल्वेतून याच इमारती वॉटसनला दाखवतो आणि त्यांना दीपस्तंभ म्हणतो.

आता अशा खोलीत घर बसवायचं तर अडचण उंचीपासूनच सुरू होते. नुसत्या जमिनीवर संसार मांडला तर डोक्यावरची सगळी पोकळी तापवण्यात पैसा जातो, म्हणून मध्ये पोटमाळा घालून वर झोपण्याची सोय करतात. तो थेट खिडकीपर्यंत नेला की एकच उंच खिडकी आडवी कापली जाते: खालच्या खोलीला तिचा बुंधा, वरच्या खोलीला शेंडा, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काचेआड जमिनीची जाड कड. जाणता वास्तुविशारद पोटमाळा काचेपासून चार-पाच फूट मागे थांबवतो. तेवढं क्षेत्रफळ विकता येत नाही, पण उजेड खालपर्यंत अखंड उतरतो. शिवाय मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून कित्येक खिडक्या मुद्दाम उंचावर सुरू केलेल्या. तिथे सोफ्यावर बसलं की फक्त आभाळ दिसतं. मधल्या सभागृहाचा प्रश्न याहून मोठा. त्याचे चार-सहा फ्लॅट पाडले की शाळेची म्हणून ओळखता येईल अशी एकमेव जागा संपते. भिंतीवर जपलेला फळा तिची भरपाई करू शकत नाही.

यावर रोकडा आक्षेप असा, की फ्लॅट केले नसते तर इमारत पडलीच असती, आणि सभागृह मोकळं ठेवायचं तर त्याचा देखभाल खर्च रहिवाशांच्याच माथी. पहिली गोष्ट खरी आहे. रिकामी वास्तू छपरापासून कुजत जाते आणि माणसं राहिली की ती टिकते. दुसऱ्या गोष्टीत तथ्य आहे, पण सभागृह वस्तीतल्या पाळणाघराला किंवा संध्याकाळच्या वर्गांना भाड्याने देता येतं आणि खर्चाचा काही भाग सुटतो. खरी चिंता वेगळीच आहे. लंडनमधली मुलांची संख्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत घसरली, 2010 नंतरच्या काही वर्षांत शाळेत जागा मिळेनात, आणि आता ती पुन्हा घसरते आहे. 2024 मध्ये हॅकनीत प्राथमिक शाळा बंद झाल्या. दर पिढीत असा चढउतार होतो, आणि फ्लॅटचे भाडेपट्टे मात्र सव्वाशे किंवा 999 वर्षांचे. एकदा पन्नास कुटुंबांच्या नावे झालेली इमारत शाळेला परत मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून पालिकेने जमिनीची मालकी सोडू नये, पट्टे आखूड ठेवावेत, आणि सभागृह व मैदान मुळात विक्रीतच काढू नये. किंमत कमी येईल हे उघड आहे. ती कमी घ्यावी.