बोलावणं एकीला, येणं घराचं

मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारची इमिग्रेशनची श्वेतपत्रिका आली आणि आमच्या वॉर्डातल्या भारतीय मुलींची झोप उडाली. कायमच्या वास्तव्याचा परवाना, ज्याला इथे सगळे आयएलआर म्हणतात, तो तेव्हा पाच वर्षांनी मिळत होता. यापुढे दहा वर्षांनी द्यावा असं तीत होतं. नोव्हेंबरमध्ये सविस्तर प्रस्ताव आला तेव्हा एनएचएसमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-नर्सना पाचच वर्षं राहतील असं जाहीर झालं. मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मी मात्र पुढचं वाचत होते. जोडीदाराचा हिशोब यापुढे स्वतंत्र धरायचा, असं तिथे होतं. म्हणजे नर्सला पाच आणि तिच्यासोबत आलेल्या नवऱ्याला कदाचित दहा. वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या केअररच्या व्हिसावर आलेल्यांना तर पंधरा. आणि हे सगळं आधीच येऊन राहिलेल्यांनाही लावायचं. वाचता वाचता मला २००६ आठवलं, आणि तेव्हाचा संताप तसाच्या तसा वर आला.

आमच्या आधीच्या पिढीतल्या मुली आखातात जायच्या, बहुतेक एकट्या. मुलं आजीकडे, नवरा गावी, महिन्याला ड्राफ्ट. ब्रिटनची ओढ लागली ती पगारापेक्षा या एका गोष्टीनं की इथे घरच्यांना आणता येत होतं. माझ्या मिरजेतल्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या आणि नंतर मुंबईतल्या नोकरीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पगार तोकडा, पेशंट अमाप, ड्युटीवर दोघी. २००३ मध्ये निघाले ती मात्र मुलीला सहा महिन्यांत बोलावून घेते, असा शब्द देऊन.

तेव्हा परदेशी नर्सला आधी अडॅप्टेशन करावं लागे. नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलचं डिसिजन लेटर यायचं. त्यात अमुक महिने देखरेखीखाली काम करा, मग रजिस्ट्रेशन, असं लिहिलेलं असे. रजिस्ट्रेशनच्या नंबराला पिन म्हणतात. एजंटनं आम्हाला दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये धाडलं. त्यानं पैसे घेऊ नयेत असा नियम कागदावर होता. त्यानं घेतले, आणि ते फेडायला आईच्या पाटल्या गेल्या. पिन येईपर्यंत पगार केअररचा. त्यामुळे मालकाला आमची घाई नव्हती. मेंटरची सही हवी तर मेंटर रजेवर, मेंटर आली तर फाइल ऑफिसात. सहा महिन्यांचं वर्ष झालं. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही, कारण त्यानं लांबवला तो माझा नुसता पगार नव्हता. मुलीचं पहिलीचं वर्ष मी फोनवर ऐकलं, कॉलिंग कार्डवरची मिनिटं मोजत.

काम शिकवणारं होतं, हेही तितकंच खरं. आपल्याकडे पेशंटला भरवणं नातेवाईक करतात, अंग पुसायला मावशी असतात. इथे ते नर्सचंच काम. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, टाचेवर, माकडहाडावर लाली आली आहे का ते बोटानं दाबून बघायचं. दाबल्यावर कातडी पांढरी झाली तर ठीक, लालच राहिली तर तिथे जखमेची सुरुवात. एवढं बारकाईनं माणसाच्या शरीराकडे बघायला मला मुंबईत वेळच मिळाला नव्हता. २००८ पासून कोपराखाली काही घालायचं नाही असा नियम सगळीकडे झाला. घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, एखादी साधी अंगठी चालते. सासूबाईंना फोनवर सांगताना मला जड गेलं. त्या म्हणाल्या, “जखमेला हात लावायचा तर तो मोकळाच हवा.” अक्षरओळख नसलेल्या त्या बाईला इन्फेक्शन कंट्रोल अर्ध्या वाक्यात कळलं होतं.

पिन आला, लेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, वर्क परमिट झालं आणि मुलगी व यजमान दोघं आले. माझे यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर होते. इथे त्यांना सँडविचच्या कारखान्यात रात्रपाळी मिळाली. माझी साडेबारा तासांची लाँग डे, त्यांची नाईट. वॉर्डातल्यासारखाच आमचा हँडओव्हर दारात व्हायचा. पोरीनं काय खाल्लं, ताप किती, शाळेचा फॉर्म कुठे ठेवलाय, एवढं सांगून एकजण आत यायचा आणि दुसरा बाहेर. गावाकडे लोक म्हणायचे, बायकोच्या जिवावर गेलाय. भाऊबंदांनी त्यांना काय काय ऐकवलं, ते मला ठाऊक आहे. त्यांनी मुलीची शाळा सांभाळली नसती तर मी एकही ड्युटी करू शकले नसते. बेलग्रेव्ह रोडवरून मेथी आणून निवडायची, भाकरी थापायची, हे ते इथेच शिकले. नर्सच्या नवऱ्यावर कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आणि मग २००६. एनएचएसचे ट्रस्ट तोट्यात आले होते, नोकरभरती थांबली होती. एप्रिलमध्ये आयएलआरची चार वर्षांची अट पाचाची झाली, ज्यांची साडेतीन वर्षं भरली होती त्यांच्यासाठीही. त्याच उन्हाळ्यात बँड पाचच्या, म्हणजे सुरुवातीच्या श्रेणीतल्या नर्सना टंचाईच्या यादीतून काढलं. आता हॉस्पिटलनं आधी ब्रिटन-युरोपातली नर्स मिळते का ते बघायचं, नाही मिळाली तरच आमचा विचार करायचा. ज्यांनी कर्ज काढून अडॅप्टेशन पुरं केलं होतं, अशा मुली पिन हातात असून नोकरीविना बसल्या. आमच्या घरात राहणारी एक कोल्हापूरची आणि एक कोट्टायमची, दोघी परत गेल्या. वर्क परमिट एकाच मालकाशी बांधलेलं असायचं, म्हणून वाढलेलं प्रत्येक वर्ष म्हणजे तोंड मिटून राहायचं आणखी एक वर्ष. हायली स्किल्ड मायग्रंट योजनेतून आलेल्यांवरही त्या वर्षी असेच नियम आले. ते कोर्टात गेले आणि एप्रिल २००८ मध्ये हायकोर्टानं निकाल दिला की आधी येऊन राहिलेल्यांवर बदललेले नियम लादणं न्यायाला धरून नाही. आमच्या बाजूनं कोर्टात जाणारं कुणी नव्हतं. पाचवं वर्ष आम्ही काढलं.

त्या काळातलं बरंच आता उरलेलं नाही, आणि त्याची हळहळ वाटते. हॉस्पिटलच्या आवारातली नर्सेस होम गेली. तिथल्या सामाईक किचनमध्ये फिलिपिनो, मल्याळी, झिंबाब्वेच्या मुली एकमेकींची पोरं सांभाळायच्या. नव्या मुलीला बाहेर भाड्याची खोली घ्यावी लागते आणि तिचं मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. इंग्लंडमधल्या मुलींना नर्सिंग शिकायला मिळणारी बर्सरी २०१७ मध्ये बंद केली. आपल्या मुली घडवायच्या नाहीत, बाहेरून बोलवायच्या आणि आल्यावर त्यांच्या मुलाबाळांची गर्दी झाली म्हणायचं, याची मला चीड येते.

मधली वर्षं मी सोडून देते. २०२० मध्ये दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हा परदेशी नर्सला कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला ४०० पौंड आरोग्य अधिभार भरावा लागत होता. ओरड झाली तेव्हा मे महिन्यात तो माफ झाला. मार्च २०२४ पासून केअररना नवरा-मुलं आणायला बंदी आली, जुलै २०२५ मध्ये बाहेरून केअरर घेणंच थांबलं. त्यांच्यातल्या कितीतरी आपल्याकडे शिकलेल्या नर्सेस आहेत.

आमच्या वॉर्डात २०२२ च्या सुरुवातीला तासगावकडची एक मुलगी आली, नवरा आणि मुलगा घेऊन. तिची पाच वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. मुलगा त्याच वर्षी अठराचा होतो आणि सप्टेंबरात युनिव्हर्सिटीत जाईल. आयएलआर हाती असेल तर इथल्या मुलांची फी, जी २०२५-२६ मध्ये साडेनऊ हजार पौंडांच्या आसपास होती. नसेल तर परदेशी विद्यार्थ्याची, तिच्या कितीतरी पट. आजवर मुलाला परवाना मिळायचा तो आई-बाप दोघांच्या परवान्याबरोबर. बापाची गाडी दहा वर्षांवर अडली तर पोराचं काय, हे तिला कुणीही सांगू शकलेलं नाही. तिनं ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रेशनचे कागद भरायला घेतले आहेत. नवऱ्याला आत्ता कुठे गोदामातून सुटून त्याच्या शिक्षणाची नोकरी लागली आहे. तो म्हणतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची माझ्यात ताकद नाही. दोघांचं अजून ठरत नाही, आणि आयएलआरच्या अर्जाची वेळ जवळ येते आहे.